हरणाबाईचं मानपत्र, तीन प्रतींत

गंगाधरपंत मोघ्यांनी सातारच्या शनिवार पेठेत, आपल्या भाड्याच्या घराच्या दारावर पाटी लावली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पाटीवर लिहिलं होतं : 'मानपत्रे, मंगलाष्टके, स्वागतगीते, आभाराची भाषणे व इतर प्रासंगिक लेखन मुदतीत करून मिळेल.' या दोन वर्षांत लेखन पुष्कळ झालं, मुदतीत झालं आणि लोकांना करूनही मिळालं. गंगाधरपंतांच्या वाट्याला मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाकडून एकच वाक्य आलं. "आधी एक नमुना दाखवा की."

आता न्हाव्याला कुणी सांगत नाही, की आधी अर्धी दाढी कर, पसंत पडली तर उरलेली तुझ्याकडेच. लिहिणाऱ्याला मात्र वाटेल तो सांगतो. रहिमतपूरकडच्या एका वधूपित्यानं दोन मंगलाष्टकांचा नमुना नेला, 'मुलाकडच्यांना पसंत नाही' असं कळवलं आणि वर लग्नाचं आमंत्रणही धाडलं. गंगाधरपंत मोठ्या मनानं गेले. हातात अक्षता घेऊन उभे होते, तोच कर्ण्यातून त्यांचीच मंगलाष्टकं सुरू झाली. वधूवरांचा काही दोष नाही म्हणून त्यांनी अक्षता टाकल्या. पण जिलब्या मात्र सूड म्हणून सात खाल्ल्या, आणि त्याचा त्रास पुन्हा त्यांनाच झाला.

म्हसवडकडच्या एका हेडमास्तरांनी तर त्याहून कमाल केली. पाहुण्यांच्या स्वागतगीताचं फक्त एक कडवं त्यांनी नमुन्यादाखल मागितलं. पुढं कळलं, की कराड, विटा, फलटण अशा पाच ठिकाणच्या पाच कवींकडून एकेक कडवं मागवून त्यांनी पाच कडव्यांचं गीत एक पैसा न देता उभं केलं होतं. पाहुणे पहिल्या कडव्यात सूर्य होऊन आले, दुसऱ्यात वसंत होऊन आले आणि तिसऱ्यात चक्क घोड्यावरून. प्रत्यक्षात ते जीपनं आले, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही म्हणे.

गंगाधरपंतांची बायको शकुंतला नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची आणि घरातही कमी बोलून जास्त समजावण्याची तिला सवय होती. गणपती गेले त्या दिवशी तिनं सांगितलं, "अहो, दिवाळीपर्यंत बघू. एका तरी माणसानं तुमच्या नावावर, तुमच्याकडून, ठरवून काम घेतलं पाहिजे. नमुना नाही, काम. नाही झालं, तर पाटी उतरवायची आणि दिवाळीनंतर सांगलीला जायचं. सौमित्र जागा धरून बसलाय."

सौमित्र हा शकुंतलेचा धाकटा भाऊ. सांगलीत त्याचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि एस.टी.डी.चं दुकान होतं, आणि झेरॉक्स मशीनपाशी त्याला भरवशाचा माणूस हवा होता. गंगाधरपंतांनी छापखान्यात तेवीस वर्षं मुद्रितं तपासली होती. समोरच्या अर्जात चूक ढळढळीत दिसत असताना तिला हात न लावता तिच्या पन्नास प्रती काढायच्या, या कल्पनेनंच त्यांना दरदरून घाम फुटायचा.

असा सगळा प्रकार असताना नवरात्राच्या पंधरा दिवस आधी नाथाजी आला. हा इस्लामपूरच्या पुढं असलेल्या करंजमळ्याच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. तो ओट्यावर टेकतो न टेकतो, तोच समोरच्या घरातून ओक हातातलं वर्तमानपत्र घडी करत आले. ओक जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. गल्लीत कोण आलं नि कोण गेलं याची नोंद अजून त्यांच्याकडेच होत असे. शिवाय मोघ्यांचे फोन ओकांच्या घरी येत, त्यामुळे मोघ्यांच्या धंद्यात आपली भागीदारी आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"आमच्या चेअरमनना, सयाजीरावांना, एकसष्ट पुरी होत्यात," नाथाजी म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी सत्कार हाय. मानपत्र पायजे, लय भारी. फ्रेम चांदीची सांगितलीया."

गंगाधरपंतांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि घसा साफ करून म्हटलं, "लिहितो. पण नमुना मिळणार नाही."

"आवं, नमुना तर लागतुयाच. ठरावाला जोडायचा आसतो. आन एक न्हाई, तीन लागत्यात. सहकाराचा नेमच हाय तसा. तीन दरपत्रकं, तीन नमुने. उद्या ऑडिटरनं इचारलं, तर काय दावायचं?"

"तीन? मग बाकीचे दोन लेखक कोण?"

"ते तुमीच बघा की," नाथाजी अगदी निरागसपणे म्हणाला. "आमी पत्र्याचं शेड घातलं, तवा शेडवाल्यानंच तिन्ही आनली हुती. एक बरं, दोन वंगाळ. मंग कमिटी बरं घेती. काम तुमालाच, काळजी करू नगा."

ओकांचा चेहरा उजळला. "मोघे, हा फुकट नमुना नव्हे. ही टेंडर प्रोसेस आहे."

आतून भांड्याचा आवाज झाला. शकुंतलेला टेंडर प्रोसेस पटली नसावी.

गंगाधरपंतांनी शेवटचा मुद्दा काढला. नमुना लिहायचाच, तर सयाजीरावांची माहिती हवी. यावर नाथाजीनं कानाला हात लावले. "चेअरमनवर नमुना? आन कमिटीनं नापास केला म्हंजे? चेअरमनच नापास झाल्यावानी व्हतंय की. कुना डायरेक्टरवर लिवावा, तर दुसऱ्या पार्टीचा डायरेक्टर चिडनार. आमी इचार केलाय. हरणाबाईवर लिवा. कॅन धुती आमच्याकडं. तिच्यावरनं भांडान व्हायचं न्हाई."

असा हा निर्णय झाला. एका माणसाच्या गौरवासाठी, दुसऱ्याच माणसाचा गौरव, तीन वेळा, तीन नावांनी, फुकट करायचा होता. गंगाधरपंतांना यातलं काही नवीन वाटलं नाही, एवढे ते या धंद्यात मुरले होते.

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं इस्लामपूर गाठून पुढं करंजमळ्याला गेले. वाईट लिहायचं तर माहिती लागत नाही, पण एक तरी चांगलं लिहायचं होतं. सकाळचं संकलन उरकलं होतं आणि हरणाबाई पदर खोचून कॅन धूत होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. प्रत्येक घराचा कॅन, त्यावर रंगानं घातलेला नंबर. दूध ओतून झालं की तो धुऊन, पालथा घालून परत द्यायचा. हे काम ती सव्वीस वर्षं करत होती.

"माज्यावर काय लिवायचं?" ती म्हणाली. "म्या काय केलंय?"

"तुम्ही रोज काय करता?"

"कॅन धुतीया."

"आणखी?"

"दुसऱ्या दिशी परत धुतीया."

गंगाधरपंतांनी वही मिटली. मिटता मिटता केवळ सभ्यपणा म्हणून विचारलं, की या शंभर कॅनांत फरक तो काय. त्यावर हरणाबाईनं हात पाण्यातून काढला आणि बोटं चोळून दाखवली. "ह्यो बघा. चांगल्या दुधाच्या कॅनाला हात चिकाट व्हतो, लवकर निघत न्हाई. पानी घातल्यालं आसलं, तर लगीच निघतो. हाताला कळतंय. एकाद्याच्या घरी दुखनं निघतंय, पोरीचं लगीन ठरतंय, तवा त्येंच्या कॅनाला हात लगीच निघाय लागतो. मंग चार-सा म्हयन्यांनी परत चिकाट लागतंय. बरं वाटतंय तवा."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही कधी?"

"फॅटचं मशीन हाय की त्याला. माजं काम धुवायचं."

गंगाधरपंतांनी वही पुन्हा उघडली. परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर ऊस होता की ज्वारी होती, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

हरणाबाईचं मानपत्र लिहायला त्यांना चार दिवस लागले. एक पानच, पण एकही शब्द फुगलेला नाही. "हरणाबाई," त्यांनी लिहिलं होतं, "गावातल्या प्रत्येक घराचा कॅन तुमच्या हातांतून गेला आहे. कोणत्या घरी कधी पैशाची ओढ होती, हे तुमच्या हातांना कळलं, पण तोंडाला कधी कळलं नाही. तुम्ही कॅन धुतलात, पालथा घातलात आणि परत दिलात. दुसऱ्या दिवशी तो घेऊन यायला माणसाला लाज वाटू नये, एवढं तुम्ही सव्वीस वर्षं सांभाळलंत." शकुंतलेनं ते स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्यानंच वाचलं आणि कागद पिठाचा हात लागणार नाही असा वर फळीवर ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाला याहून मोठं परीक्षण लागत नाही.

उरलेली दोन वाईट लिहायची होती, आणि तिथं ओकांच्या देखरेखीला जोर चढला. दोन लेखक म्हणजे दोन नावं, दोन पत्ते, दोन शाया, दोन शिक्के, अशी त्यांनी यादीच काढली. पहिले झाले रहिमतपूरचे प्रा. निमिष औंधकर. त्यांनी लिहिलं, "गौरवमूर्तींच्या कार्याचे तीन टप्पे पडतात : प्रक्षालनपूर्व, प्रक्षालन आणि प्रक्षालनोत्तर." शकुंतला म्हणाली, "वाईट आहे. पण विश्वास बसण्याइतकं वाईट आहे."

दुसरे झाले सांगलीचे शब्दभास्कर वीरधवल बुधगावकर. त्यांचा पत्ता आणि फोन सौमित्रच्या दुकानाचा दिला. शब्दभास्कर ही पदवी ओकांनी स्वतःच्या अधिकारात बहाल केली. या वीरधवलांचं मानपत्र गंगाधरपंतांनी वीस मिनिटांत, भात शिजेपर्यंत लिहून काढलं. "हे क्षीरसिंधुकन्यके! हे पात्रप्रक्षालनपटू! आपल्या करकमलांचा स्पर्श होताच ॲल्युमिनियमचा कॅनही सुवर्णकलश होऊन हर्षभरे ठणठणू लागतो!" असं ते दीड पान होतं. लिहिताना गंगाधरपंतांना हसू आवरेना. इतकं भिकार आपण सहज लिहू शकतो, याचा त्यांना त्या वेळी थोडा अभिमानच वाटला.

तिन्ही पाकिटं तीन गावांच्या पोस्टांतून टाकायला हवीत, असा ओकांचा आग्रह पडला. त्यासाठी ते स्वतः रहिमतपूरला जाऊन आले आणि येताना पाय मुरगळून आले. गंगाधरपंतांना त्यांच्यासाठी टांगा करावा लागला.

आठवड्यानं नाथाजीचा फोन आला. ओकांनी तो आधी स्वतः पूर्ण ऐकला, मग लंगडत खिडकीपाशी येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "मोघे, अभिनंदन. तुम्ही हरलात, पण तुम्हीच जिंकलात."

गंगाधरपंत धावत जाऊन फोनपाशी उभे राहिले.

"साहेब, घोळ झाला," नाथाजी पलीकडून म्हणत होता. "तुमचं वाचलं आन कमिटी गप्पगार. 'ओढ' म्हंजी कुनाच्या घरची म्हनलीया, म्हनून अकरा डायरेक्टर एकमेकाकडं बघाय लागले. दोघांनी तर घरी फोन करून कॅन बदलाय लावलं. चेअरमन म्हनाले, सातारवाल्याचं बरं हाय, पर टोचतंय. आन मंग वीरधवलाचं वाचलं. क्षीरसिंधु आल्याबरोबर चेअरमनच्या डोळ्यांत पानी. म्हनाले, ह्यो मानूस पायजे."

"अहो, पण असा माणूस नाही!"

"मला ठावं हाय की. पर ठराव झाला. ठराव फिरवायचा म्हंजी परत मीटिंग, मीटिंगला पंधरा दिसांची नोटीस. तवर दसरा हून जातुय."

घरी आल्यावर शकुंतलेनं विचारलं, "मिळालं काम?"

"मिळालं."

"कुणाला?"

"वीरधवल बुधगावकरांना," गंगाधरपंत म्हणाले. शकुंतला पोळी उलटत म्हणाली, "मग दिवाळीनंतर सांगलीला वीरधवलांना पाठवायचं, की तुम्ही जाताय?"

माणूस दुसऱ्याकडून हरतो तेव्हा निदान त्याला शिव्या तरी घालता येतात. गंगाधरपंतांची तीही सोय राहिली नव्हती. चार दिवसांची मेहनत भात शिजण्याच्या वेळेपुढं हरली होती आणि दोन्हींच्या मागं त्यांचाच हात होता. त्या रात्री ते जेवले नाहीत; म्हणजे कमी जेवले.

पण नमुन्यांची हौस एवढ्यावर भागणार नव्हती. सयाजीरावांचं म्हणणं पडलं, की असा थोर माणूस व्यासपीठावर स्वतः येऊन वाचू दे. फक्त आधी त्याच्या आवाजाचा एक नमुना ऐकवा. फोन सांगलीला गेला. आता सांगली म्हणजे नाटकांचं गाव, तिथलं पाणी प्यालेल्या माणसाला स्टेज नको म्हणता येत नाही. सौमित्र गल्लीच्या गणेशोत्सवात तीन वेळा शिवाजी झाला होता आणि त्यातल्या दोनदा तर कुणी सांगितलेलंही नव्हतं. त्यानं एस.टी.डी.च्या काचेच्या खोक्यात उभं राहून 'क्षीरसिंधुकन्यके' अशी आरोळी ठोकली. बाहेर झेरॉक्सला आलेल्या दोन विद्यार्थिनी पळून गेल्या, पण पलीकडं सयाजीराव तृप्त झाले.

"भाऊजी, तुम्ही फक्त लिहा," सौमित्रनं कळवलं. "वीरधवल मी सांभाळतो. मला आतून जाणवतंय, की मी तोच आहे."

चेअरमनची माहिती गोळा करायला गंगाधरपंतांना पुन्हा करंजमळ्याला जावं लागलं, या खेपेला वीरधवलांचे लेखनिक म्हणून. सयाजीराव मोठ्या देहाचे आणि मनानं खरोखर चांगले गृहस्थ होते. त्यांनी गंगाधरपंतांना जवळ बसवून चहा दिला. "तुमी हरला न्हवं त्येंच्याकडनं?" ते हळहळून म्हणाले. "आन आता त्येंच्याच हाताखाली राबताय? मन मोठं हाय गड्या तुमचं. शिकून घ्या त्येंच्याकडनं, शिकून घ्या."

गंगाधरपंत शिकून घेतो म्हणाले आणि बाहेर पडले. अपमानाचे पुष्कळ प्रकार त्यांनी पाहिले होते, पण प्रेमानं, पाठीवर हात ठेवून केलेला हा पहिलाच होता.

कॅन धुण्याच्या कट्ट्यापाशी हरणाबाईनं त्यांना हाक मारली. "आवं मास्तर. ऐकली म्या तुमची तिन्ही."

"तिन्ही?"

"नाथाजीकडनं वाचून घेतली. माज्यावर हाईत, तर मला नगं का कळाय?" तिनं कॅन पालथा घातला. "तिन्ही एकाच घरचं दूध हाय. दोनात पानी हाय."

 ज्या गंगाधरपंतांनी आयुष्यभर शब्द तपासले, त्यांना अक्षरओळख नसलेल्या बाईनं उभ्या उभ्या तपासून दाखवलं होतं. लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी कुठंतरी बरंही वाटलं, कारण उरलेल्या एकात पाणी नाही हे तिला कळलं होतं.

सयाजीरावांचं मानपत्र त्यांनी लिहिलं खरं, पण हसू आलं नाही. 'हे दुग्धदिगंतदीपका!' लिहिताना तर पेन दोनदा खाली ठेवलं. नाथाजीला अडचणीत टाकायचं नव्हतं, एवढ्यासाठी ते पुरं केलं.

सत्काराचा दिवस उजाडला. दूध संस्थेसमोर मांडव, कर्णा, हार, पेढे. शब्दभास्कर वीरधवल सांगलीहून भाड्याच्या मोटारीनं आले. सौमित्रनं रेशमी झब्बा घातला होता, खांद्यावर उपरणं होतं आणि एका हातानं ते सारखं सावरण्याची लकब त्यानं गाडीत बसल्या बसल्या ठरवली होती. 'दुग्धदिगंतदीपका' या हाकेला मांडवातली दोन पोरं रडायला लागली आणि बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सयाजीरावांनी डोळे पुसले. त्यांनी वीरधवलांना शाल घातली, श्रीफळ दिलं आणि माइकवरनं जाहीर केलं, की पंचाहत्तरीचं मानपत्रसुद्धा यांच्याकडनंच लिहून घेणार. "नमुना तेवढा आदी पाठवून ठेवा," ते म्हणाले. अजून चौदा वर्षं होती.

मग नाथाजीनं पुकारलं, "उत्तेजनार्थ, गंगाधर मोघे, सातारा." गंगाधरपंत व्यासपीठावर चढले. त्यांना एक नारळ आणि एक कोरं पाकीट मिळालं, जे आतूनही कोरंच होतं. मेहुण्यानं पाया पडण्यासाठी वाकल्यासारखं केलं आणि ऐनवेळी आपण मोठे कवी आहोत हे आठवून त्यांच्याच डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात पुकारा झाला, "उत्तेजनार्थ, प्राध्यापक निमिष औंधकर." कुणी उठेना. नाथाजीनं दुसरा नारळही गंगाधरपंतांच्या हातात दिला. "परकुर्ती बरी न्हाई म्हनं त्येंची. तुमच्याच बाजूला ऱ्हात्यात न्हवं, तेवढा पोचता करा."

आत जेवणाची पंगत बसली. सौमित्र चेअरमनच्या शेजारी बसला आणि 'कवीला वाढा' म्हणून त्याच्या ताटात डायरेक्टर लोक स्वतः वाढू लागले. गंगाधरपंत कुणाला न सांगता बाहेर पडले आणि दोन नारळ घेऊन फाट्यावरच्या बाभळीखाली एस.टी.ची वाट बघत उभे राहिले. दिवाळीला वीस दिवस राहिले होते. पाटी काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागेल, तो ओकांकडे आहे, आणि मागायला गेलं की ते कारण विचारतील, असा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला होता. झेरॉक्सच्या दुकानात बसायला खुर्ची असते की स्टूल, हाही विचार आला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"मास्तर, थांबा जरा," मागून आवाज आला. हरणाबाई पदराला हात पुसत येत होती. पंगतीची भांडी टाकून आली होती.

ती जवळ येऊन उभी राहिली. "मनुबाई म्हनून माजी जाऊ हाय," ती म्हणाली. "अकरा वर्सं आमचं बोलनं न्हाई. बांधावरनं झालं, आता त्यो बांध बी ऱ्हाईला न्हाई. तिला दिवाळीत साठ लागत्यात. तिच्यावर एक लिवा. माज्यावर लिवलं तसलं. नाथाजीला सांगून तिच्या दारात वाचाय लावीन."

दोन वर्षांच्या सवयीनं गंगाधरपंतांच्या तोंडून निघून गेलं, "आधी एक नमुना दाखवतो."

"नमुना कशाला? ऐकलंय की म्या तुमचं." तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "घेनार किती, त्ये सांगा. आन खाली नाव सोताचं घाला."

 गंगाधरपंतांनी आकडा सांगितला. या बाईला थोडा कमी सांगावा, असं क्षणभर मनात आलं होतं. पण ती ज्या तऱ्हेनं विचारत होती, तिच्यापुढं कमी सांगणं बरं दिसलं नसतं.

"बरं," हरणाबाई म्हणाली.

त्यांनी नारळ खाली ठेवले, खिशातलं ते कोरं पाकीट काढलं आणि फाडून उलटं केलं. सगळ्यात आधी तळाशी 'गंगाधर मोघे, सातारा' असं लिहून टाकलं. मग वर पेन नेलं आणि जरा संकोचानं विचारलं, "पण अकरा वर्षं तुमचं बोलणं नाही म्हणता. मग त्यांच्याबद्दल तुम्ही मला सांगणार काय?"

"बोलनं न्हाई," हरणाबाई म्हणाली. "बघनं हाय की."

आणि ती सांगू लागली. मनुबाई चुलीला लाकूड कसं लावते, आजारी रेडकाला स्वतःच्या घोंगडीत कसं घेते, सैन्यातल्या पोराचं पत्र आलं की आधी कपाळाला लावून मग शेजारच्या शिवांजलीकडं वाचायला कशी नेते, गुडघा दुखत असताना पाण्याचा हंडा कोणत्या बाजूला घेते. ती बांधाच्या अलीकडून अकरा वर्षं पाहिलेलं सगळं सांगत राहिली, आणि पाकिटाची एक बाजू भरली, मग दुसरी. साडेपाचची गाडी येऊन गेली. सहाची इस्लामपूर गाडी आली, थांबली, आणि कंडक्टरनं दार उघडून "येताय का?" म्हणून विचारलं. गंगाधरपंतांनी मान वर न करता हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं.